मिठाची गोडी

उन्हाळ्यातल्या दुपारी वारा खाडीकडून वळला की ओठांवर एक चव येऊन बसते. आपण काही खाल्लेलं नसतं, काही चाखलेलं नसतं. नुसते ओटीवर बसलेलो असतो, हातातलं पुस्तक पालथं पडलेलं असतं, आणि सहज जीभ ओठांवरून फिरते तेव्हा कळतं की वारा जाता जाता काहीतरी ठेवून गेला आहे. उरणकडच्या माझ्या आजोळी ही चव वर्षभर कमी-जास्त असायचीच, पण फाल्गुन-चैत्रात ती दाट होई, कारण तेव्हा आगरांत मीठ पिकायला लागलेलं असे. बांधावर जाऊन उभं राहिलं तर त्या वाऱ्याला वासही असे. चिखलाचा, शेवाळाचा, तापलेल्या पाण्याचा, आणि त्या सगळ्यांच्या वर तरंगणारा एक कोरडा, पांढरा म्हणावा असा वास. मिठाला वास नसतो म्हणतात. नसेल. मला मात्र तो अजून येतो, आणि बहुधा समुद्र मैलोगणती लांब असताना येतो.

आजोळी जायचं ते भाऊच्या धक्क्यावरून, मोऱ्याच्या लाँचनं. कडेची जागा मिळावी म्हणून धक्काबुक्की, मग पाण्याचे शिंतोडे, मग वाऱ्यानं वाळलेले शिंतोडे. मोऱ्याला उतरेपर्यंत हातापायांवर बारीक पांढरी पूड जमलेली असे आणि केस चरचरीत झालेले असत. घरी पोचल्या पोचल्या आजी गाल पुढं ओढून म्हणायची, “गोर पापा दे बाय!” तिच्या आगरी तोंडात गोडाचा गोर व्हायचा. पापा घेतला की ती जिभेनं ओठ पुसायची आणि हसायची. तिला त्या गालाची खरी चव लागलेली असायची, तरी पुढच्या खेपेला पुन्हा ‘गोर’च. खारट गालाला गोड म्हणण्यात आपण काही वेगळं बोलतो आहोत असं तिला कधी वाटलं नसणार. मलाही तेव्हा वाटलं नाही.

आगर लांबून पाहणाऱ्याला नुसते चौकोन दिसतात. पाण्याचे, आभाळ पडलेले चौकोन. जवळ गेलं की त्यांच्यातला फरक कळू लागतो. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, मोठ्या साठवणीत ते निवळत ठेवायचं, मग ऊन आणि वारा जसजसं त्याला आटवतील तसतसं एका चौकोनातून पुढच्या उथळ चौकोनात सोडत न्यायचं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पण हा आकडा आगरात राबणाऱ्या कुणाला मी कधी विचारताना ऐकलं नाही. पाणी किती ‘आलं’ आहे हे ते रंगावरून सांगत, बोटांत चोळून सांगत. शेवटच्या चौकोनांतलं पाणी कधीकधी गुलाबी दिसे, जांभळाकडे झुकणारं. अतिखाऱ्या पाण्यातच जगणाऱ्या सूक्ष्म जिवांचा तो रंग, हे पुढं पुस्तकात वाचलं. तेव्हा आम्हा मुलांना वाटे की संध्याकाळ लवकर येऊन पाण्यात बसली आहे.

त्या शेवटच्या चौकोनाची जमीन हंगामाच्या सुरुवातीला पायांनी तुडवून तुडवून कडक केलेली असे. तिच्यावर आधी एक साय धरायची, इतकी पातळ की फुंकरीनं हलावी. मग ती आपल्याच भारानं मोडायची, तुकडे तळाशी जायचे, आणि त्यांच्या अंगावर खडे वाढायचे. लांब दांड्याच्या लाकडी फळीनं बायामाणसं ते खडे कडेला ओढत. ओढताना जो आवाज व्हायचा तो मला नेमका सांगता येत नाही. ओला आणि करकरीत, दोन्ही एकदम. ओढलेलं मीठ त्याच खाऱ्या पाण्यात खळबळून धुवायचं, चिखल काढायचा, टोपलीत भरायचं, डोक्यावर घ्यायचं आणि बांधावरच्या राशीवर ओतायचं. टोपलीतून गळणारं पाणी कपाळावरून, मानेवरून, पाठीवरून ओघळायचं. त्या पाण्यानं पायांना भेगा पडत, आणि त्या भेगांतही तेच पाणी जाई. जखमेवर मीठ चोळणं हा आपल्या बोलण्यातला वाक्प्रचार आहे. तिथं तो दिवसाची मजुरी होता.

एकदा राशीजवळच्या एका म्हातारीनं माझ्या तळहातावर एक खडा ठेवला. हिरकणीच्या आकाराचा, आत पोकळ, पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेला. “तोंडान टाक,” ती म्हणाली. टाकला आणि तोंड वाकडं झालं, कारण ताज्या मिठाला एक कडसर बाजू असते. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ कुठं असतं! पाणी आटताना आधी चुना-जिप्समसारखे क्षार तळाशी बसतात, मग मीठ, आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार अगदी शेवटपर्यंत पाण्यातच रेंगाळतात. ते कडू पाणी कधी सोडून द्यायचं हे कळणं म्हणजे आगर कळणं. राशीत पडून राहिलं, निथळलं, की मीठ हळूहळू तो कडूपणा टाकतं. म्हातारीनं मला थुंकू दिलं नाही. “थांब, फिरू दे जिभेवर.” मी थांबले. कडू गेलं, खारट आलं, खारटही ओसरलं, आणि त्याच्या मागून तोंडाला पाणी सुटलं. त्या पाण्याला जी चव होती तिला त्या वयात माझ्यापाशी एकच शब्द होता. गोड.

अलीकडे कोश चाळताना त्या शब्दाशी पुन्हा गाठ पडली, आणि मी बराच वेळ पान उलटलंच नाही. आपला ‘मीठ’ हा शब्द संस्कृतातल्या ‘मिष्ट’मधून आलेला. मिष्टान्नातला मिष्ट, मिठाईतला मिठ्ठ. राल्फ टर्नर यांच्या १९६६ साली पुऱ्या झालेल्या तौलनिक कोशात एकाच मुळाखाली हिंदीचा गोड ‘मीठा’ आणि मराठीचं खारट ‘मीठ’ भावंडांगत शेजारी बसले आहेत. गुजरातीनं तर कमाल केली. तिथं ‘मीठुं’ म्हणजे गोडही आणि मीठही, वाक्य काय ते बघून घ्यावं. आणि ‘मिष्ट’च्याही मागं ‘मृष्ट’ आहे, म्हणजे घासलेलं, धुतलेलं, निर्मळ केलेलं. निर्मळ ते चवदार, चवदार ते गोड, आणि या गोडातून आमच्या किनाऱ्याला उतरल्यावर मीठ. खाऱ्या पाण्यात खळबळून धुतलेल्या त्या टोपल्या आठवल्या. शब्दाला आपला पहिला अर्थ इतक्या जन्मांनंतर कुठल्या तरी बांधावर पुन्हा भेटावा, याचं मला फार बरं वाटलं.

गोड या चवीसाठी इंग्रजीत जो रोजचा शब्द आहे, ‘स्वीट’, लहान मुलांच्या गोळ्यांपासून प्रेमपत्रापर्यंत सगळीकडे सांडलेला, तो आपल्या ‘स्वादु’चा सख्खा भाऊ आहे. एकाच प्राचीन धातूची ही लेकरं. ग्रीकांकडे त्यातून सुखाचा शब्द झाला, ‘हेदोने’, ज्याच्यावर पुढं सुखवादाचा अख्खा पंथ उभा राहिला. लॅटिनमध्ये त्यातून ‘सुआविस’ झाला, मृदू आणि रुचकर. इंग्रजानं तो साखरेला दिला, आपण तो सगळ्याच चवींत वाटून टाकला. कडू कारल्यालाही स्वाद असतो, सुक्या जवळ्यालाही असतो. म्हणजे पाहा, त्यांचा गोड शब्द आपल्याकडे येऊन नुसती चव झाला आणि आपला गोड शब्द मीठ झाला. मग आपल्याकडे गोडाला उरलं काय? गूळ. ‘गुड’वरून गोड. उसाच्या रसाच्या काहिलीतून निघालेला शब्द, घट्ट आणि तपकिरी. तो नंतरचा पाहुणा असावा, असं मला उगीचच वाटतं. त्याच्या आधी जिभेला जे जे भावलं ते सगळं एकाच नावानं हाक मारण्याजोगं असणार, आणि त्या हाकेला मीठही ओ देत असणार.

लॅटिनमधलं मीठ, ‘साल’, तेही फार फिरलं. सॉस, सॅलड, सॅलरी, सगळी त्याचीच पोरं. रोमच्या शिपायांना पगारात मीठ मिळे ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. तिला पक्का पुरावा नाही. शब्द मिठावरून आला हे खरं, शिपायाच्या ओंजळीतलं मीठ मात्र नंतरच्या लोकांनी घातलेलं. मला ती गोष्ट तशीही आवडत नाही. मीठ मोलाचं होतं एवढंच ती सांगते. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण म्हणतो तेव्हा मोलाचा हिशेब कुठं असतो?

आणि ‘गोड’ हा शब्द किनाऱ्यावरची माणसं वापरतात तो साखरेच्या अर्थानं क्वचितच. गोडं पाणी म्हणजे खारं नसलेलं. गोडं तेल, गोडं वरण, गोडा मसाला. यांतल्या कशात फारशी साखर नसते, असलाच तर गुळाचा खडा. जे अंगावर येत नाही, जे निमूट सोबत करतं, ते गोड. समुद्राकाठच्या गावांत घर बघायला जाणारी बाई आधी विहिरीचं पाणी चाखते आणि तोंडावरून सगळं कळतं. पाणी गोडं आहे, मचूळ आहे, की खारं झालं. मचूळ या शब्दात केवढी निराशा आहे! धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. चहा फाटतो, डाळ शिजत नाही, आणि तक्रार करायची तर समुद्राकडे. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या मुरूडच्या जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, आणि अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यातही गोड्या पाण्याचं तळं आहे. लोक ते कौतुकानं पाहतात, तटबंदीहून जास्त. माझी आजी आयुष्यात एकदाच जंजिऱ्यावर गेली आणि परत आल्यावर तिनं तोफांचं नाव काढलं नाही. पाण्याचंच सांगत बसली.

मिठाचा जुना संस्कृत शब्द, ‘लवण’, आपल्या रोजच्या बोलण्यातून गेला. पण जाताना ठिकठिकाणी थोडा सांडला. लोणच्यात तो आहे. लोणारच्या खाऱ्या सरोवरात आहे. ‘अळणी’त आहे, आणि तिथं तर तो नसल्याच्याच खुणेनं आहे, लवण नाही ते अळणी. आणि लावण्यात आहे. माणसाच्या रूपाला लावण्य म्हणताना मूळ शब्द मिठाचा आहे, हे जिला पहिल्यांदा कळलं असेल ती आरशापुढं क्षणभर थांबली असेल. रूप असतं पण अळणी असतं, अशी माणसं आपण पाहतोच. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, पण दृष्ट काढताना ती मूठभर मीठ आणि मोहऱ्या आमच्यावरून उतरवून चुलीत टाकायची, आणि खडे तडतडले की समाधानानं म्हणायची, केवढी लागली होती! मीठ आगीत तडतडतं ते खड्यात अडकलेल्या पाण्याच्या थेंबामुळं. तो थेंब खाडीचा. आमची दृष्ट खाडीच काढत होती म्हणायची.

या किनाऱ्यावर ‘आगर’ हा शब्दही दोन तोंडांचा आहे. धरमतरच्या खाडीच्या या अंगाला, उरण-पनवेल-पेणकडे, आगर म्हणजे मिठागर, आणि त्यात राबणारे ते आगरी. खाडी ओलांडून अलिबागकडे गेलात की त्याच शब्दाला सावली येते. थळ, वरसोली, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. अष्टागराची ही गावं, तिथं आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडी. रहाटाचं पाणी, पाटाचा गारवा, पायाखाली चुरणाऱ्या झावळ्या. एक आगर उन्हाचं, एक आगर सावलीचं. एकात झाड औषधालाही नाही, दुसऱ्यात आभाळ दिसायची मारामार. तरी दोघांची देवाणघेवाण होती. माडाच्या बुंध्याशी मीठ घालायची रीत कोकणात जुनी आहे, आणि ते घातलं की शहाळ्याचं पाणी गोड होतं असं वाडीतले लोक सांगत. शेतकीतले जाणकार यावर काय म्हणतात ते म्हणोत, मला तो विश्वास सोडवत नाही. एका आगरातलं खारं दुसऱ्या आगरात वर चढून साठ-सत्तर फुटांवर गोड होतं, ही कल्पना कुणी मोडू नये.

जिभेचंही काहीसं असंच आहे. कैरीच्या फोडीला मीठ लावलं की आंबटपणा नरमतो. अननसाला लावलं की तो उजळतो. थोडं मीठ कडूपणाला दाबतं आणि त्याच्याखाली दडलेली गोडी वर येते, असं चवीचे अभ्यासक सांगतात. आमच्या घरी हे प्रत्येक बाईच्या हाताला ठाऊक होतं, म्हणून शिऱ्यात, खिरीत, पुरणातसुद्धा चिमूटभर पडायचंच. पानात वाढतानाही आधी मीठ वाढतात. सगळ्यांच्या आधी, डाव्या-उजव्याच्या मधोमध, वर. आणि मग बाकीचा स्वयंपाक त्याच्या साक्षीनं पानात उतरतो.

मिठाचं राजकारण मला इथं फार काढायचं नाही. १९३० साली सरकार मणाला सव्वा रुपया कर घेई, त्यासाठी दांडीपासून शिरोड्यापर्यंत माणसांनी डोकी फोडून घेतली, आणि १९४७च्या एप्रिलात तो कर उठला. मग १९७०नंतर नवी मुंबई आली, १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, आणि चौकोन एकेक करून भरावाखाली गेले. आता त्या वाटेनं गाडीतून जाताना रचून ठेवलेले कंटेनर दिसतात, लाल, निळे, हिरवे. अधेमधे एखादा पाण्याचा तुकडा अजून चमकतो, त्यात रोहित पक्षी उभे असतात, आणि लोक गाडी थांबवून त्यांचे फोटो काढतात. पक्षी सुंदरच असतात. पण ते ज्या पाण्यात उभे आहेत ते कुणीतरी बांध घालून, पायांनी तुडवून आत घेतलेलं पाणी आहे, हे फोटोत येत नाही. राशींवर पावसाळ्यापूर्वी गवताचं शाकारणं चढायचं, छोट्या छोट्या घरांची वस्ती बसल्यागत ती दिसायची. तेही आता क्वचित. काय करायचं! बंदरावर नोकरी लागलेल्या मुलांना आगरातली भेगाळलेली टाच हवी होती असं कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. आजीनंही म्हटलं नव्हतं. ती फक्त दुकानातल्या पिशवीतलं बारीक मीठ बोटांत चोळून बघायची आणि म्हणायची, “यो मीठ पाण्यान पडला तं आवाजव नाय.”

आई तिचीच लेक. रोजच्या जेवणात आयोडीनचं बारीक मीठ तिनं मुकाट्यानं मान्य केलं आहे, पण लोणच्याला आणि सुक्या मासळीला तिला खडेमीठच लागतं, आणि तेही ओळखीच्या माणसाकडून. वैशाखात कैऱ्या आल्या की ते मीठ परातीत पसरून उन्हात ठेवायचं, कढईत कोरडं भाजायचं, पाट्यावर जाडसर वाटायचं, हा तिचा दोन दिवसांचा सोहळा असतो. परवा ती वाटत असताना मी शेजारी बसून तिला हे सगळं सांगितलं, मृष्ट, मिष्ट, मीठा, मीठ, अगदी ग्रीकांपर्यंत. तिनं वरवंटा थांबवला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मीठ मुळात गोड?”

“शब्द गोड,” मी म्हटलं.

“मग याला मुंग्या कशा नाही लागत?” ती म्हणाली, आणि बोटाच्या टोकावर थोडं घेऊन चाखलं, नाक मुरडलं. “अजून कडू आहे जरासं. परात उचल, उद्याचं ऊन द्यायला हवं.”